मुक्त कृष्णवर्णीय पूर्वजाचा माग : आईपासून सुरू होणारी वंशावळ

जुनेदप्तर

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांची वंशावळ शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची वाट १८७० या वर्षापाशी अडते. यादवी युद्धानंतरची ती पहिली जनगणना होती. १८६५ पर्यंत ज्यांना गुलामगिरीत ठेवले होते, त्यांची नावे आणि आडनावे सरसकट लिहिली गेली ती याच जनगणनेत. १८५० आणि १८६० साली गुलामांसाठी वेगळे तक्ते होते खरे, परंतु त्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहीत असत, आणि माणसाचे स्वतःचे नाव बहुधा नसे.

मात्र सगळे कृष्णवर्णीय अमेरिकन १८६५ सालीच मुक्त झाले, हा समज खरा नाही. १८६० च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ८८ हजार कृष्णवर्णीय माणसे मुक्त म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे, गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यांतच राहत होती. एकट्या मेरीलँडमध्ये त्यांची संख्या ८३ हजारांहून जास्त होती आणि व्हर्जिनियात ५८ हजारांच्या आसपास. अशा कुटुंबांचा माग १८७० च्या मागे जातो, कधी कधी थेट सतराव्या शतकापर्यंत पोहोचतो. मी व्हर्जिनियात राहतो आणि स्थानिक इतिहासप्रेमींच्या एका मंडळात जुनी कागदपत्रे वाचून देण्याचे काम स्वेच्छेने करतो. येथील मराठी मंडळींच्या शेजारीपाजारी आणि कचेऱ्यांत अशा घराण्यांतली माणसे असतात, आणि त्यांतील कोणी आजीच्या पेटीतला एखादा जीर्ण कागद दाखवून त्याचा अर्थ विचारतो. त्या कागदाकडे कसे पाहावे, हे आपल्या भाषेत एका ठिकाणी लिहिलेले असावे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी लागते की गोऱ्या माणसाचे स्वातंत्र्य गृहीत धरलेले होते, कृष्णवर्णीय माणसाला मात्र ते पुनःपुन्हा सिद्ध करावे लागे. म्हणून त्याच्याविषयीचे बहुतेक कागद संशयातून जन्मलेले आहेत, आणि त्या संशयामुळेच त्याच्या आयुष्याचे असे तपशील लिहिले गेले जे त्याच्या गोऱ्या शेजाऱ्याविषयी कोणी कधी लिहून ठेवले नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. स्वातंत्र्य येत असे ते आईकडून.

आपल्याकडील कुलवृत्तान्तांची मांडणी मूळ पुरुषापासून होते आणि स्त्रिया त्यात लग्नाने येतात किंवा लग्नाने बाहेर जातात. ती सवय येथे बाजूला ठेवावी लागते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६२ साली असा कायदा केला की मूल गुलाम की मुक्त, हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. या कायद्यामागे एक प्रत्यक्ष खटला होता असे अभ्यासक मानतात. एलिझाबेथ की या स्त्रीची आई आफ्रिकी गुलाम होती आणि वडील थॉमस की हे इंग्रज व विधिमंडळाचे सदस्य होते. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मुलाची स्थिती बापावरून ठरते, आपला बाप्तिस्मा झालेला आहे आणि वडिलांनी आपल्याला ठरावीक वर्षांच्या नोकरीसाठीच दुसऱ्याच्या स्वाधीन केले होते, अशा तीन मुद्द्यांवर तिने नॉर्थंबरलँड काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयात दावा लावला. वरच्या न्यायालयात मध्ये एकदा निकाल फिरूनही अखेर १६५६ साली ती मुक्त झाली. तिची बाजू मांडणाऱ्या विल्यम ग्रिनस्टेडशी तिने पुढे लग्न केले. त्यानंतर १६६२ च्या कायद्याने बापाचा मार्ग बंद केला आणि १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्म्याचा. एका स्त्रीने ज्या दारांतून वाट काढली, ती दारे तिच्यामागून येणाऱ्यांसाठी अशी पद्धतशीरपणे लावून घेतली गेली, हे त्या नोंदी ओळीने वाचताना फार जाणवते.

आई मुक्त तर मूल मुक्त, या नियमाची दुसरी बाजू अशी की गोऱ्या करारबद्ध नोकर स्त्रीला आफ्रिकी पुरुषापासून झालेले मूल गुलाम ठरू शकत नव्हते. वसाहतकाळातील मुक्त कृष्णवर्णीय घराण्यांपैकी अनेकांचा उगम अशाच एखाद्या स्त्रीपाशी सापडतो. मात्र कायद्याने तिला आणि तिच्या मुलाला सुखाने राहू दिले नाही. १६९१ च्या कायद्याप्रमाणे असे मूल तीस वर्षांचे होईपर्यंत चर्चच्या कारभाऱ्यांनी कोणाच्या तरी घरी कामाला बांधून द्यावयाचे होते. १७०५ साली ही मुदत एकतीस वर्षे झाली आणि १७२३ साली अशा बांधलेल्या स्त्रीच्या मुलांवरही तीच सक्ती आली. १७६५ साली ती मुलग्यांसाठी एकवीस आणि मुलींसाठी अठरा वर्षांवर आणली गेली. संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की काउंटी न्यायालयाच्या हुकूमवह्यांत आणि पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, वह्यांत आईचे नाव, मुलाचे नाव, कोणाकडे बांधून दिले आणि केव्हा, हे सर्व मिळू शकते. त्या नोंदीत बहुधा आईला झालेली शिक्षाही लिहिलेली असते. वंशजाला ती वाचून दाखवणे सोपे नसते, पण ती गाळूही नये.

यानंतरचा मोठा टप्पा १७८२ चा. त्या वर्षी व्हर्जिनियाने मालकांना मृत्युपत्राने किंवा नोंदणी केलेल्या मुक्तिपत्राने गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली. नोमिनी हॉल येथील रॉबर्ट कार्टर यांनी १७९१ साली जे खत नोंदवले, त्यात साडेचारशेहून अधिक माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची तजवीज होती. त्यात प्रत्येकाचे नाव, वय आणि तो कोणत्या मळ्यावर आहे हे लिहिलेले आहे. कार्टर यांनी आपल्या मळ्यांना राशींची नावे दिली होती, त्यामुळे एखाद्या पूर्वजाच्या नावापुढे सिंह किंवा तूळ पाहून वाचणारा क्षणभर चकित होतो. ही मुभा फार काळ मोकळी राहिली नाही. १ मे १८०६ नंतर मुक्त झालेल्या माणसाने बारा महिन्यांत राज्य सोडावे, नाहीतर त्याला पुन्हा विकता येईल, असा कायदा झाला. राहू द्यावे म्हणून विधिमंडळाकडे आणि नंतर न्यायालयांकडे केलेले अर्ज हे यातून निर्माण झालेले दप्तर आहे, आणि ते अत्यंत बोलके आहे, कारण अर्जदार आपली बायको, मुले, धंदा, कर्ज आणि शेजारी यांच्याविषयी स्वतः सांगतो व शेजारी खाली सह्या करतात.

आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे मुक्त व्यक्तींच्या नोंदवह्या. १७९३ च्या कायद्याने व्हर्जिनियातील प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीय व्यक्तीस न्यायालयाच्या कारकुनाकडे नाव नोंदवून दाखला घ्यावा लागे. शहरांत तो दरवर्षी आणि काउंट्यांत दर तीन वर्षांनी नवा करावयाचा होता. नोंदीत क्रमांक, नाव, वय, वर्णाची छटा, उंची, अंगावरचे व्रण, आणि ती व्यक्ती जन्माने मुक्त आहे की कोणाच्या कोणत्या खताने मुक्त झाली, हे येते. कपाळावरचा भाजल्याचा डाग, डाव्या हाताचे वाकडे बोट, असे लिहिलेले असते. छायाचित्रांच्या आधीच्या काळातल्या सामान्य माणसाचे इतके जवळून केलेले वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळेल. ते पळालेल्या गुलामापासून त्याला वेगळे ओळखता यावे म्हणून केलेले होते, आणि तोच कागद त्या माणसाने जिवापाड जपला, कारण तो जवळ नसला तर त्याला तुरुंगात टाकता येत असे.

गावनमुना

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधासाठी लोक कोतवाल बुके, जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे आणि मोडीतील कागद घेऊन येताना मी पाहिले आहेत. आमच्याकडे शोध गावापासून सुरू होतो, कारण गाव आणि घराणे ठाऊक असते, नोंद तेवढी शोधायची असते. आपण सांगता त्या कुटुंबांना बहुधा काउंटीही निश्चित ठाऊक नसेल. अशा वेळी पहिला कागद कोणता हाती घ्यावा, आणि तेथे आपल्या कर-आकारणीच्या याद्यांसारखे काही सलग साधन आहे काय?

जुनेदप्तर

गावनमुनाजी, प्रश्न नेमका विचारलात. शोध नेहमी जवळच्या काळाकडून मागे न्यावा, हा नियम तेथेही तोच आहे. १९०० च्या आसपासची मृत्युनोंद, विवाहनोंद आणि जनगणना यांवरून १८७० पर्यंत यावे, आणि मग १८६० व १८५० च्या मुक्त लोकसंख्येच्या तक्त्यांत तेच नाव पाहावे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव, वय, वर्ण, धंदा आणि जन्माचे राज्य लिहिलेले असते. तेथे कुटुंब मिळाले तर ते गुलामगिरीच्या अंतापूर्वीच मुक्त होते, हे ठरले आणि काउंटीही मिळाली. १८४० आणि त्याआधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव व बाकीच्यांच्या संख्या असतात. १७९० साली तर मुक्त कृष्णवर्णीय माणसे 'इतर सर्व मुक्त व्यक्ती' या एकाच रकान्यात घातलेली आहेत.

सलग साधन म्हणाल तर ते कर-याद्यांचेच. १७८२ पासूनच्या व्हर्जिनियातील जंगम मालमत्तेच्या कर-याद्या वर्षानुवर्षे मिळतात आणि त्यांत मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याची नोंद घरात उगवते, माणूस वारला की नाव नाहीसे होते किंवा विधवेचे नाव येते. त्यापूर्वीच्या डोईपट्टीच्या याद्यांत एक विशेष खूण आहे. गोऱ्या स्त्रीवर डोईपट्टी नसे, पण आफ्रिकी स्त्रीवर १६४३ पासून होती, आणि १६६८ साली असे स्पष्ट केले गेले की ती मुक्त असली तरी कर चुकणार नाही. त्यामुळे ज्या घरात पुरुषाबरोबर त्याची बायको आणि मुली यांचीही आकारणी दिसते, किंवा बायकोची नोंद लपवली म्हणून ज्या घरमालकावर न्यायालयात कारवाई झालेली दिसते, ते घर मुक्त कृष्णवर्णीय असण्याची शक्यता मोठी असते, मग तेथे वर्णाचा उल्लेख असो वा नसो. या कराविरुद्ध अर्जही झाले आहेत आणि त्यांतही नावे आहेत.

शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवावे, हे मात्र मी सर्वांत आग्रहाने सांगेन. नोंदवहीत ओळख पटवणारा साक्षीदार, लग्नाच्या हमीपत्रावरचा जामीन, मृत्युपत्रावरचा साक्षीदार आणि जनगणनेत वरच्या व खालच्या घरातली माणसे यांची वेगळी यादी करून ठेवावी. मुक्त कुटुंबे संख्येने थोडी असत, ती एकमेकांत लग्ने करत आणि स्थलांतरही एकत्र करत. पूर्वज एका ठिकाणी दिसेनासा झाला तरी त्याचा जामीन पुढच्या काउंटीत सापडतो आणि त्याच्या शेजारी पूर्वजही सापडतो.

साक्षीपुरावा

मी वकिली करते, म्हणून न्यायालयीन दाव्यांच्या बाजूने थोडे लिहिते, कारण आईकडून स्वातंत्र्य येते या नियमाचा खरा कस तेथे लागला. मेरीलँडमध्ये त्या वसाहतीचे मालक लॉर्ड बाल्टिमोर यांच्याकडे एलिनॉर बटलर नावाची आयरिश नोकर स्त्री होती. तिने १६८१ साली चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले. १६६४ च्या कायद्याने अशा लग्नाची मुले गुलाम ठरत, आणि त्याच १६८१ साली तो कायदा बदलला गेला. तिची मुले तरीही गुलामगिरीतच ठेवली गेली. अठराव्या शतकात तिचे वंशज विल्यम आणि मेरी बटलर या जोडप्याने दावा लावला. तेव्हा जवळपासच्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी घेतल्या गेल्या की 'आयरिश नेल' त्यांना कशी आठवते, तिच्या लग्नाविषयी वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले, तिची मुले कोण आणि त्यांची मुले कोण. अपिलात ते दोघे हरले. पुढे त्यांची मुलगी मेरी हिने १७८७ साली जिंकले आणि त्या निकालामागून बटलर घराण्यातल्या इतरांना मार्ग मिळाला.

वंशावळीच्या अभ्यासकाने या खटल्याचे निकालपत्र वाचून थांबू नये, साक्षींचे कागद पाहावेत. शंभर वर्षांपूर्वीच्या स्त्रीचे नाव, रूप, स्वभाव आणि नातवंडांपर्यंतची शाखा तेथे शपथेवर सांगितलेली असते. व्हर्जिनियातही असेच दावे झाले. १८०६ सालच्या हजिन्स विरुद्ध राइट या खटल्यात जॅकी राइट आणि तिच्या मुलांनी, आपली मातृपरंपरा मूळनिवासी अमेरिकन स्त्रीपासून येते, या आधारे स्वातंत्र्य मिळवले. पण त्याच निकालाने वरिष्ठ न्यायालयाने हेही ठरवले की दिसण्यात आफ्रिकी असलेल्या माणसाने आपले स्वातंत्र्य स्वतः सिद्ध केले पाहिजे. धागाकर्त्यांनी ज्या गृहीतकाचा उल्लेख केला आहे, ते येथे उघडपणे कायद्याच्या शब्दांत आले आहे.

आणि मग १८१३ साली हे दार बरेचसे बंद झाले. मिमा क्वीन या स्त्रीचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिचे वकील फ्रान्सिस स्कॉट की होते. पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलेली कविता कालांतराने अमेरिकेचे राष्ट्रगीत झाली. आपली पूर्वज मेरी क्वीन मुक्त होती, हे सांगणाऱ्या साक्षी ऐकीव होत्या. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ऐकीव पुरावा अशा दाव्यात चालणार नाही असा निर्णय दिला. न्यायमूर्ती गॅब्रिएल डुव्हाल यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. ज्या समाजाला लिहिणे-वाचणे आणि दप्तर ठेवणे नाकारले होते, त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीखेरीज पुरावा असणार कोठून? तो निर्णय वाचताना मला आजही संताप येतो. त्याच क्वीन घराण्यातील एडवर्ड क्वीन याने १७९४ साली मेरीलँडमध्ये अशाच साक्षींच्या आधारे आपला दावा जिंकलेला होता.

पटाप्स्को

मेरीलँडचा उल्लेख आला म्हणून बेंजामिन बॅनेकर यांच्याविषयी लिहावेसे वाटले. मी त्यांच्या गावापासून फार लांब राहत नाही. त्यांचे नाव बहुतेकांना पंचांगकर्ते आणि स्वयंशिक्षित खगोलअभ्यासक म्हणून ठाऊक असते. १७९१ साली त्यांनी थॉमस जेफरसन यांना गुलामगिरीविषयी खडसावणारे जे पत्र लिहिले, तेही पुष्कळांनी वाचले असेल. वंशावळीच्या दृष्टीने मात्र १७३७ चे एक खरेदीखत मला त्या पत्राइतकेच मोलाचे वाटते.

बेंजामिन यांचे वडील रॉबर्ट हे गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. त्यांनी बाल्टिमोर काउंटीत शंभर एकर जमीन सात हजार पौंड तंबाखू देऊन विकत घेतली. तंबाखू हेच तेथील चलन होते. खतावर खरेदीदार म्हणून रॉबर्ट यांच्याबरोबर त्यांच्या मुलाचेही नाव घातलेले आहे. बेंजामिन यांचा जन्म ९ नोव्हेंबर १७३१ चा, म्हणजे खत झाले तेव्हा मूल सहाव्या वर्षात होते. बापाच्या मृत्यूनंतर मुलाच्या हक्काविषयी किंवा स्वातंत्र्याविषयी कोणी प्रश्न काढू नये, यासाठी ही काळजी घेतली असावी, असे मला वाटते. मुक्त कृष्णवर्णीय माणसाचे खरेदीखत वाचताना कोणाची नावे कशासाठी घातली आहेत, हे म्हणून नेहमी पाहावे. याच जमिनीच्या कागदांचा आधार घेऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या घराची जागा शोधून तेथे उत्खनन झाले, आणि ओएला येथे आज त्यांच्या नावाचे उद्यान व संग्रहालय आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेंजामिन यांची आजी मॉली वेल्श ही इंग्लंडमधून आलेली गोरी नोकर स्त्री होती, ती मुदत संपल्यावर स्वतंत्र झाली, तिने दोन आफ्रिकी गुलाम विकत घेतले, त्यांतील एकाला मुक्त करून त्याच्याशी लग्न केले, ही कथा कुटुंबात आणि चरित्रांत चालत आली आहे. समकालीन कागद तिला पूर्णपणे दुजोरा देत नाहीत, आणि तिच्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मुक्त घराण्यांत गोऱ्या आजीच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. त्यांतील काही खऱ्या असतात, जसे बटलर घराण्यात, कारण गोरी आजी म्हणजे स्वातंत्र्याचा पुरावा होता आणि म्हणून तिची आठवण मुद्दाम जपली गेली. माझे मत असे की घराण्याची कथा आहे तशी, सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवावी आणि वंशवृक्षात मात्र कागदाने सिद्ध झालेली व्यक्तीच घालावी. बेंजामिन यांच्या मृत्यूनंतर १८०६ साली अंत्यविधीच्या दिवशीच त्यांचे घर जळाले आणि बहुतेक कागद नष्ट झाले, ही हानी तर भरून येणारी नाहीच.

रकाना

एक शंका आहे. १८३० च्या जनगणनेत काही मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांच्या घरात गुलामही दाखवलेले आहेत. ज्या कुटुंबाने गुलामगिरी भोगली त्याच कुटुंबाचा प्रमुख गुलामांचा मालक, हे वंशजाने कसे समजून घ्यावे?

जुनेदप्तर

या नोंदी कार्टर वुडसन या इतिहासकारांनी शंभर वर्षांपूर्वी एकत्र केल्या आणि त्यांचा एक महत्त्वाचा भाग असा आहे की 'मालक' आणि 'गुलाम' हे पुष्कळ ठिकाणी नवरा-बायको किंवा बाप-लेक होते. माणसाने कष्टाने पैसे जमवून बायकोला तिच्या मालकाकडून विकत घेतले, पण १८०६ च्या कायद्याप्रमाणे तिला मुक्त केले तर तिला बारा महिन्यांत राज्य सोडावे लागले असते. म्हणून कागदावर ती त्याची मालमत्ता राहिली. तो कर्जबाजारी झाला असता तर सावकाराने तिच्यावर जप्ती आणली असती, हा धोका पत्करून ते एकत्र राहिले. अशा घराचा खुलासा बहुधा मृत्युपत्रात होतो.

सर्व नोंदींना हे लागू करता येत नाही, आणि वंशजाला बरे वाटावे म्हणून तसे करूही नये. नॉर्थ कॅरोलिनातील मिल्टन येथील प्रसिद्ध फर्निचर कारागीर थॉमस डे हे जन्माने मुक्त होते. १८३० साली त्यांनी व्हर्जिनियातील अक्विला विल्सन हिच्याशी लग्न केले, पण बाहेरच्या मुक्त कृष्णवर्णीयांना नॉर्थ कॅरोलिनात येण्यास कायद्याने बंदी होती, तेव्हा मिल्टनच्या गोऱ्या नागरिकांनी अर्ज केला आणि विधिमंडळाने केवळ तिच्यासाठी कायदा संमत केला. एका लग्नासाठी राज्याचा कायदा! आणि याच डे यांच्या कारखान्यात गुलामही काम करत होते.

सतराव्या शतकातील अँथनी जॉन्सन यांचा मागही असाच अवघड आहे. व्हर्जिनियाच्या १६२५ च्या शिरगणतीत 'अँटोनिओ' आणि 'मेरी' ही दोन आफ्रिकी माणसे ज्या मळ्यावर दिसतात, तीच पुढचे जॉन्सन जोडपे असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. १६५१ साली त्यांच्या नावावर अडीचशे एकर जमीन दिसते. १६५३ साली आगीत नुकसान झाले म्हणून न्यायालयाने मेरी आणि तिच्या दोन मुलींना डोईपट्टीतून सूट दिली. मी वर लिहिलेल्या कराचा हा प्रत्यक्ष दाखला आहे. १६५५ साली त्याच न्यायालयाने जॉन केसर हा आफ्रिकी माणूस अँथनी यांचा आजन्म गुलाम असल्याचे मान्य करून त्यांच्याकडे परत पाठवला. पुढे कुटुंब मेरीलँडमध्ये सॉमरसेट काउंटीत गेले, आणि अँथनी वारल्यावर १६७० साली व्हर्जिनियाच्या पंचांनी, तो कृष्णवर्णीय म्हणजेच परका होता, असे म्हणून मागे राहिलेली जमीन वारसांना नाकारली. १६७७ साली नातू जॉन याने चव्वेचाळीस एकर जमीन घेतली आणि तिचे नाव 'अंगोला' ठेवले. कुटुंब कोठून आले असावे याचा तो एकमेव शब्द त्यांनी स्वतः मागे ठेवला आहे. नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयाच्या वह्या १६३२ पासून सलग टिकून आहेत म्हणूनच हे आपल्याला कळते. अनेक काउंट्यांची दप्तरे सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवली होती, ती एप्रिल १८६५ मधील आगीत जळाली. तेथे असेच किती जॉन्सन होते, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

पूर्वेकडील

या विषयाशी भारताचाही थोडा, पण खरा संबंध आहे. १६३० च्या दशकात जॉर्ज मेनेफी या जमीनदाराने ज्या माणसांना आणल्याबद्दल व्हर्जिनियात जमीन मिळवली, त्यांच्या यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. पुढेही 'ईस्ट इंडियन' म्हटलेले नोकर व गुलाम व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या न्यायालयीन वह्यांत दिसतात, आणि त्यांतील काहींनी स्वातंत्र्यासाठी दावेही लावले. त्यांची मुले-नातवंडे मुक्त कृष्णवर्णीय घराण्यांत मिसळली आणि कारकुनांनी त्यांना 'मुलाटो' (मिश्रवंशी) किंवा 'निग्रो' लिहिले. म्हणून वर्णाच्या रकान्यातला शब्द बदलला म्हणजे माणूस बदलला असे समजू नये. विसाव्या शतकात तर हे राज्याच्या बळाने झाले. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या वंशशुद्धतेच्या कायद्यानंतर जन्ममृत्यू नोंदणीचे प्रमुख वॉल्टर प्लेकर यांनी मूळनिवासी कुटुंबांना 'कलर्ड' ठरवण्याची मोहीमच चालवली. त्या काळातील दाखला हाती आला तर त्याच व्यक्तीची आधीची नोंद अवश्य ताडून पाहावी.

साक्षीपुरावा

जनुकीय चाचणीविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून दोनच वाक्ये लिहिते. मातृपरंपरेची चाचणी आईच्या आईची अखंड ओळ दाखवते, त्यामुळे 'आमची मूळ आई कोण' या प्रश्नाला तिची मदत होते, परंतु ती नाव सांगत नाही आणि काळही ढोबळच सांगते. कागदावरून दोन शाखा एकाच स्त्रीच्या आहेत असा संशय असेल, तेव्हा दोन्ही शाखांतील स्त्रीपरंपरेच्या वंशजांची चाचणी करून तो तपासणे, हा तिचा योग्य उपयोग आहे.

रकाना

उत्तराबद्दल आभारी आहे. आमच्या एका परिचित कुटुंबाचा पूर्वज १८३० च्या जनगणनेत व्हर्जिनियात आहे, १८५० मध्ये नाही, आणि त्या काउंटीची नोंदवहीही टिकलेली नाही. मृत्यूची नोंद किंवा मृत्युपत्र मिळत नाही. येथे शोध थांबवावा काय?

जुनेदप्तर

मुळीच थांबवू नये. ऑगस्ट १८३१ मध्ये साउदॅम्प्टन काउंटीत नॅट टर्नर यांचा उठाव झाला आणि त्यानंतर व्हर्जिनियातील मुक्त कुटुंबांचे जगणे इतके कठीण झाले की पुष्कळांनी राज्य सोडले. काही लायबेरियाला गेले, आणि मुक्त कृष्णवर्णीयांना तेथे वसवणाऱ्या वसाहत संस्थेच्या जहाजांच्या उतारूयाद्यांत कुटुंबेच्या कुटुंबे वयानिशी लिहिलेली आहेत. लायबेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स हे नॉरफोकमध्ये जन्माने मुक्त होते आणि उठावाच्या दोन वर्षे आधी, १८२९ साली, आई व भावंडांसह तिकडे गेले होते. त्याहून अधिक लोक ओहायो, इंडियाना आणि कॅनडाकडे गेले.

आपण सर्वप्रथम ओहायो पाहावा. त्या राज्यात गुलामगिरी नव्हती, पण १८०४ च्या कायद्याने तेथे येऊन राहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला आपला मुक्ततेचा दाखला काउंटीच्या कारकुनाकडे नोंदवावा लागे, आणि १८०७ नंतर पाचशे डॉलरचे हमीपत्रही मागितले जाई. हे कायदे सर्वत्र सारख्या कडकपणे पाळले गेले नाहीत, आणि १८४९ साली त्यांतील बहुतेक रद्द झाले. जेथे ते पाळले गेले, तेथे कारकुनाने आलेल्या माणसाचा व्हर्जिनियातील दाखला आपल्या वहीत उतरवून घेतला. त्यात मूळ काउंटीचे नाव, दाखल्याची तारीख, उंची, व्रण, आणि जन्माने मुक्त की कोणी मुक्त केले, हे सर्व येते. व्हर्जिनियातील मूळ वही जळालेली असली तरी तिची ती नक्कल ओहायोत टिकलेली असू शकते. पूर्वजाच्या १८३० मधील दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे बरोबर घ्या, १८५० च्या जनगणनेत ती ओहायोच्या कोणत्या काउंटीत एकत्र दिसतात ते पाहा, आणि त्या काउंटीच्या न्यायालयात मुक्त व्यक्तींची नोंदवही मागा. आपल्या परिचितांची हरकत नसेल तर काउंटीचे नाव मला व्यक्तिगत निरोपातून कळवा, तेथील कर-याद्या मी पाहून देईन.